मॅथ्यू डॅव्हनपोर्ट हिल : शिक्षेपलीकडे पाहणारा न्यायाधीश

एखादें अजाण पोर लहानशा चोरीबद्दल न्यायासनापुढें उभें राहावें, गुन्हा शाबीत व्हावा आणि न्यायाधीशापुढें दोनच वाटा उरावयाच्या : कैद किंवा सुटका. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत इंग्लंडमध्यें अशा मुलांच्या वांट्यास बहुधा तुरुंगच येई. आणि चुकून पाऊल घसरलेलें मूल निर्ढावलेल्यांच्या संगतींत पुष्कळदां पक्कें चोर होऊनच बाहेर पडे. या दोहोंहून निराळी तिसरी वाट ज्यांनीं शोधली, त्यांत मॅथ्यू डॅव्हनपोर्ट हिल यांचें नांव अग्रभागीं घ्यावें लागेल.

हिल यांचा जन्म १७९२ सालीं बर्मिंगहॅम येथें झाला. पेनी पोस्टाचे प्रवर्तक रोलंड हिल हे त्यांचे धाकटे बंधु. या कुटुंबाच्या हेझलवुड येथील शाळेंत छडीला थारा नव्हता. मुलांच्या अपराधांचा निवाडा मुलांचेंच न्यायमंडळ करी. शिस्त भीतीनें नव्हे, जबाबदारीनें लागते, ही या घराण्याची श्रद्धा होती.

१८१९ सालीं हिल बॅरिस्टर झाले, १८३२ सालीं हल शहरातर्फे पार्लमेंटांत गेले आणि १८३९ सालीं बर्मिंगहॅमचे पहिले रेकॉर्डर, म्हणजे नगरन्यायाधीश, झाले. तेथें त्यांनीं घरची श्रद्धा न्यायालयांत आणली. मुलाचे आईबाप किंवा धनी त्याला संभाळण्यास तयार असले, तर ते त्याला त्यांच्या स्वाधीन करीत. त्याची नोंद वहींत होई आणि पोलीस मधूनमधून त्याच्या वागणुकीची चौकशी करीत. पुढें ‘प्रोबेशन’ म्हणून रूढ झालेल्या पद्धतीचें बीज येथें दिसतें. इंग्लंडांत तिला कायद्याचें पूर्ण रूप येण्यास मात्र १९०७ साल उजाडावें लागलें.

पण ज्याचा हात धरावयास कोणीच नाहीं, त्या मुलाचें काय? त्याच्यासाठीं सुधारशाळा हव्यात, असें हिल व त्यांच्या सहकारी मेरी कार्पेंटर यांचें म्हणणें होतें. १८५१ सालीं बर्मिंगहॅमला याच हेतूनें परिषद भरली आणि १८५४ सालीं कायदा झाला. तरी सुधारशाळेंत जाण्यापूर्वीं मुलानें निदान चौदा दिवस तुरुंगांत काढलेच पाहिजेत, अशी अट त्यांत राहिली. जुन्या समजुती अशा सहजासहजीं हार मानीत नाहींत.

हिल यांचा दुसरा विचार अधिक वादग्रस्त होता. कैद्याची मुदत दिवसांनीं न मोजतां त्याच्या सुधारणेनें मोजावी, असें ते म्हणत. विचार उदार खरा. पण माणूस सुधारला हें ठरवावयाचें कोणी? न सुधारलेल्याला जन्मभर कोंडावयाचें काय? दयेच्या हातींही अमर्याद सत्ता देणें धोक्याचेंच.

मेरी कार्पेंटर १८६६ सालीं हिंदुस्थानांत आल्या, मुंबईसही आल्या आणि येथील तुरुंगांची स्थिति त्यांनीं पाहिली. १८७६ सालीं येथेंही सुधारशाळांचा कायदा झाला. तो पाहण्यास हिल नव्हते. १८७२ सालींच त्यांचें देहावसान झालें होतें. मात्र शिक्षा भोगून माणूस बाहेर येतो तेव्हां त्याचें पुढें काय होतें, हें विचारणें न्यायाचेंच काम आहे, ही जाणीव ते मागें ठेवून गेले.