दहशतवादी हल्ला आणि थेट प्रक्षेपण : नियम नेमका काय आहे?

कुठे चकमक सुरू झाली की टीव्हीवर 'ब्रेकिंग' झळकतं, पण जवान कोणत्या गल्लीतून पुढे जात आहेत ते हल्ली दिसत नाही. काहींना वाटतं, सरकारने बातमीच दाबली. तसं नाही. कारवाई चालू असताना ती थेट दाखवायची नाही, असा नियमच आहे. त्यामागे २६/११ चा अनुभव आहे.

मुंबईत काय घडलं?

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री समुद्रमार्गे आलेल्या १० अतिरेक्यांनी सीएसटी, लिओपोल्ड कॅफे, ताज, ओबेरॉय-ट्रायडंट, नरिमन हाऊस अशा ठिकाणी हल्ले केले. १६६ जणांचा बळी गेला. कारवाई २९ तारखेला सकाळी संपली. तोवर वाहिन्यांचे कॅमेरे अखंड चालू होते. नरिमन हाऊसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून उतरणारे एनएसजी कमांडो देशाने घरबसल्या पाहिले. तिकडे पाकिस्तानातले सूत्रधारही टीव्ही लावूनच बसले होते आणि ताज, नरिमन हाऊसमधल्या अतिरेक्यांना फोनवरून सूचना देत होते. तपास यंत्रणांनी टिपलेलं हे संभाषण पुढे खटल्यात पुरावा म्हणून आलं.

न्यायालयाचे ताशेरे

२९ ऑगस्ट २०१२ रोजी अजमल कसाबची फाशी कायम करताना सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांनाही सुनावलं. या प्रक्षेपणामुळे एखादा जवान प्रत्यक्ष जखमी झाला का, हे सांगता येणार नाही. मात्र त्यामुळे सुरक्षा दलांचं काम अवघड आणि धोक्याचं झालं यात शंका नाही, असं न्यायालयाने म्हटलं. माध्यमांवर नियंत्रण फक्त माध्यमांचंच असावं, या युक्तिवादालाही त्या वार्तांकनाने धक्का बसला, असंही नमूद केलं.

नियम काय?

मार्च २०१५ मध्ये केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियमांत ६(१)(पी) हे कलम आलं. त्यानुसार दहशतवादविरोधी कारवाई संपेपर्यंत तिचं थेट प्रक्षेपण करता येत नाही. सरकारने नेमलेला अधिकारी वेळोवेळी जी माहिती देईल, तेवढ्यावर वार्तांकन मर्यादित ठेवायचं. बंदी थेट प्रक्षेपणावर आहे, बातमीवर नाही. कारवाई संपल्यावर चुका दाखवायला, प्रश्न विचारायला हा नियम आड येत नाही.

वाद कुठे?

जानेवारी २०१६ च्या पठाणकोट हल्ल्याच्या वार्तांकनावरून एनडीटीव्ही इंडिया वाहिनी एक दिवस बंद ठेवण्याचा आदेश त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये निघाला. इतरांनीही तीच माहिती दिली होती, असं वाहिनीचं म्हणणं होतं. देशभर टीका झाली आणि आदेश स्थगित झाला. संवेदनशील माहिती कोणती, हे सरकारनेच ठरवायचं का, हा प्रश्न मात्र राहिला.

बंधन किती ताणावं, याचं उदाहरण ब्रिटनमध्ये सापडतं. उत्तर आयर्लंडच्या संघर्षात १९८८ मध्ये शिन फेनसह काही संघटनांच्या प्रतिनिधींचा आवाज प्रसारित करायला तिथे बंदी झाली. वाहिन्यांनी चित्र तेच ठेवून नटांकडून शब्द बोलून घेतले. बंदीचं हसं झालं. १९९४ मध्ये ती उठली.

आणि कॅमेरा नेहमी घातकच असतो असंही नाही. सीएसटीवर बंदूक घेतलेल्या कसाबचा फोटो वृत्तपत्र छायाचित्रकार सेबॅस्टियन डिसोझा यांनी जीव धोक्यात घालून टिपला. तोच फोटो न्यायालयात महत्त्वाचा पुरावा ठरला. फरक वेळेचा आहे. तो फोटो घेतला तेव्हा अतिरेक्यांच्या सूत्रधारांना त्याचा काही उपयोग नव्हता.

आता मोबाइलचं काय?

पहलगाममध्ये २२ एप्रिल २०२५ रोजी २६ जण मारले गेल्यानंतर केंद्राने २६ एप्रिलला जी सूचना काढली, ती वाहिन्यांसोबत समाजमाध्यमं वापरणाऱ्यांनाही उद्देशून होती. लष्कराच्या हालचाली थेट दाखवू नका, असं त्यात बजावलं. म्हणजे आपल्या गावावरून लष्कराचा ताफा जात असेल, तर रस्त्याकडेला उभं राहून 'लाइव्ह' जाणाऱ्यालाही ते लागू आहे. व्हिडिओ उशिरा टाकला तर आपले चार लाइक कमी होतील, एवढंच.