फॉक्सग्लोव्ह, शब्दकोडे आणि एक निनावी म्हातारी

मंडळी, शब्दकोड्याचं वय तसं फार नाही. २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वर्तमानपत्रात आर्थर विन यांचं कोडं छापून आलं, तिथून या खेळाचा इतिहास मोजतात. नियम सोपा: सूचनेला एकच उत्तर, आणि ते चौकोनांत नेमकं बसलं पाहिजे. आज आपण एकच सूचना घेऊ: ‘फॉक्सग्लोव्हशी नाते असलेला लेखक’.

फॉक्सग्लोव्ह ही युरोपातली वनस्पती, घंटेसारख्या जांभळ्या फुलांची. जर्मन भाषेत तिला ‘फिंगरहूट’, म्हणजे शिंप्याचं अंगुस्तान म्हणतात. त्यावरूनच लेओनहार्ट फुक्स यांनी १५४२ मध्ये ‘डिजिटॅलिस’ हे नाव दिलं. लॅटिनमध्ये ‘डिजिटस’ म्हणजे बोट. गंमत बघा, इंग्रजी नावात ‘फॉक्स’ म्हणजे कोल्हा, आणि ‘फुक्स’चा जर्मन अर्थही कोल्हाच!

आता उत्तर. कोणी म्हणेल, ॲगाथा ख्रिस्ती. बरोबर. पहिल्या महायुद्धात त्या रुग्णालयात औषधं तयार करण्याच्या कामावर होत्या, आणि ‘द हर्ब ऑफ डेथ’ या त्यांच्या कथेत सेजच्या पाल्यात फॉक्सग्लोव्हची पानं मिसळलेली असतात. दुसरा म्हणेल, इरॅस्मस डार्विन: वैद्य, कवी आणि उत्क्रांतीवाल्या डार्विनचे आजोबा. त्यांच्या १७८९ च्या ‘द लव्ज ऑफ द प्लांट्स’ या काव्यात ही वनस्पती येते. तिसरा म्हणेल, विल्यम विदरिंग. १७८५ मध्ये त्यांनी या औषधावर पुस्तकच लिहिलं.

डार्विन आणि विदरिंग, दोघेही बर्मिंगहॅमच्या ल्यूनर सोसायटीतले. पण डार्विन यांनी १७८० मध्येच, दिवंगत मुलाच्या प्रबंधाला जोडून, या औषधाचे अनुभव छापले आणि त्यात विदरिंग यांचं नाव घेतलं नाही. श्रेय कोणाचं, यावरून दोघांचं बिनसलं ते कायमचं.

आणि खरं ज्ञान मूळ कोणाकडे होतं? विदरिंग स्वतःच सांगतात: १७७५ मध्ये त्यांच्याकडे अंगावरच्या सुजेवरचा एक घरगुती काढा मत देण्यासाठी आला. श्रॉपशरमधल्या एका म्हातारीने तो गुपित म्हणून जपला होता. त्यात वीसेक वनस्पती होत्या. गुण फॉक्सग्लोव्हचा आहे, हे विदरिंग यांनी ओळखलं. तीच पानं जास्त झाली तर जीव घेतात. म्हणून दहा वर्षं रुग्णांच्या नोंदी ठेवत त्यांनी मात्रा ठरवली. हे काम लहान नव्हे. पण म्हातारीचं नाव त्यांनी लिहिलं नाही.

विसाव्या शतकात एका औषध कंपनीच्या जाहिरातीने तिला ‘मदर हटन’ करून टाकलं, आणि ते कल्पित नाव पुढे खरं म्हणून फिरत राहिलं. रिकामा चौकोन आपल्याला सहन होत नाही ना!

आमच्या मते इतिहास आणि शब्दकोडं यांतला फरक इथे आहे. कोड्यात रिकामी जागा म्हणजे हार. इतिहासात मात्र काही चौकोन रिकामेच ठेवायचे असतात, आणि तिथे कोणीतरी होतं, एवढं विसरायचं नसतं.