वन बीएचकेमध्ये मांजर आहे, आता कुत्रा येतोय? ओळख अशी करून द्या

डोंबिवली आणि कल्याणच्या मधलं ठाकुर्ली. इथल्या वन बीएचके फ्लॅटमध्ये मांजर आधीपासून आहे आणि कुत्रा येणार आहे. अशा वेळी होणारी नेहमीची चूक म्हणजे दोघांना लगेच समोरासमोर आणून व्हिडिओ काढणं. आपल्याला तो 'नवा मित्र' वाटतो, मांजराला मात्र शिकारी प्राणी दिसतो.

म्हणून पहिली ओळख वासाने करून द्या. बेडरूम मांजराची, हॉल कुत्र्याचा आणि मधलं दार बंद. अंथरुणाच्या चादरी अदलाबदल करा, दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण द्या. दोघं शांतपणे खाऊ लागले की मगच भेट, तीही कुत्र्याला पट्टा लावून. याला आठवडा लागेल किंवा महिनाही.

लहान घरात जमीन कमी असते, पण उंची असते. माळा, कपाटाचा वरचा भाग, फ्रिजवरची जागा मांजरासाठी मोकळी ठेवा. खिडकीच्या ग्रिलला जाळी हवीच, घाबरलेलं मांजर गजांतून सहज बाहेर पडतं.

घोळ होतो तो शेपटीचा. कुत्रा अंग सैल सोडून शेपटी हलवत असेल तर तो सहसा खुश असतो. मांजर शेपटी आपटत असेल तर ते वैतागलेलं असतं. कुत्रा ताठ उभा राहून एकटक बघू लागला, तर भेट तिथेच थांबवा.

मांजराने दिवसभर काहीच खाल्लं नाही तर प्राण्यांच्या डॉक्टरांना दाखवा. काही दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या यकृतात चरबी साठू शकते आणि ते जिवावर बेतू शकतं.