समुद्राने परत दिलेला मुलगा

रुडयार्ड किपलिंगचे नाव निघाले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे मोगली उभा राहतो. १८६५ साली मुंबईत जन्मलेल्या या लेखकाने अमेरिकेच्या किनाऱ्यावरील मच्छीमारांवरही एक कादंबरी लिहिली आहे, तिची आपल्याकडे फारशी चर्चा होत नाही. 'कॅप्टन्स करेजस' हे तिचे नाव. नोव्हेंबर १८९६ पासून ती 'मॅक्ल्यूअर्स' मासिकात क्रमशः येऊ लागली आणि १८९७ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. श्रीमंताघरचा बिघडलेला मुलगा कष्टाने कसा सुधारतो, हे कुमारवयीन वाचकांना कळावे म्हणून ती आजवर त्यांच्या हाती दिली जाते. तो बोध तीत आहेच. परंतु तिच्या पानांआड जो इतिहास दडला आहे, तो या बोधाहून अधिक अस्वस्थ करणारा आहे.

कथानक थोडक्यात असे : पंधरा वर्षांचा हार्वी हा एका रेल्वेसम्राटाचा एकुलता एक मुलगा. हातखर्चाला महिना दोनशे डॉलर मिळणारा, आईने लाडावलेला आणि साऱ्यांना तुच्छ लेखणारा. युरोपला निघालेल्या आगबोटीवर तो प्रौढी मिरवण्यासाठी कडक चिरूट ओढतो, त्याला भोवळ येते आणि तो समुद्रात पडतो. डोरी नावाच्या लहानशा होडीतून मासे धरणारा मॅन्युएल हा पोर्तुगीज कोळी त्याला वर काढतो. स्कूनरचा कप्तान डिस्को ट्रूप या मुलाच्या श्रीमंतीवर विश्वास ठेवत नाही. आपले पैसे या लोकांनीच चोरले, असा आरोप हार्वी करतो, तेव्हा कप्तानाचा एक ठोसा त्याच्या नाकावर बसतो. मग महिना साडेदहा डॉलर पगारावर, हंगाम संपेपर्यंत, त्याला खलाशाचे काम करावे लागते.

हे सारे किपलिंगला कोठून कळले? १८९२ मध्ये अमेरिकन मुलीशी विवाह करून तो व्हरमॉंट राज्यातील ब्रॅटलबरोजवळ राहिला होता. तेथील डॉक्टर जेम्स कॉनलंड यांनी तरुणपणी मासेमारीच्या ताफ्यात काम केले होते. ते त्याला मॅसॅच्युसेट्समधील ग्लॉस्टर बंदरात घेऊन गेले. कॉड मासा कसा चिरतात, हे त्यांनी खरा मासा आणि खऱ्या सुऱ्या घेऊन शस्त्रक्रियेसारखे करून दाखविले, असे किपलिंगने आत्मचरित्रात नमूद केले आहे. म्हणूनच कादंबरीतील डेकवरचे वर्णन इतके नेमके उतरले. पहाटे एकेक डोरी पाण्यात सोडायची. सायंकाळी परतल्यावर एकाने गळा चिरायचा, दुसऱ्याने डोके व आतडी काढायची, तिसऱ्याने कणा काढून मासा उघडायचा, मग तो खाली मिठात रचायचा. सोबत आणलेले मीठ संपले, की बंदराकडे शीड फिरवायचे. पुस्तक त्याने कॉनलंड यांनाच अर्पण केले.

त्याच ग्लॉस्टरमध्ये किपलिंगने बुडालेल्या मच्छीमारांच्या वार्षिक स्मरणसभेस हजेरी लावली, आणि माझ्या मते कादंबरीचे हृदय तेथेच आहे. १६२३ मध्ये वसलेल्या या छोट्या बंदराने आजवर पाच हजारांहून अधिक माणसे समुद्रात गमावली. एकट्या १८७९ साली २४९ मच्छीमार आणि २९ जहाजे गेली. धुक्यात वाट चुकलेली डोरी सापडत नसे. धुक्यातून येणारी आगबोट स्कूनर चिरून निघून जाई आणि तिच्यावरच्या प्रवाशांना पत्ताही लागत नसे. कादंबरीच्या शेवटाकडे वर्षभरात बुडालेल्यांची नावे भरसभेत वाचली जातात. काळ्या कपड्यांतील बायका ऐकत असतात, आणि हार्वीला ते सोसवत नाही. त्याला समुद्राने परत दिले होते. त्या यादीतील कोणाला दिले नव्हते.

हार्वीच्या जहाजावरील पेन हे पात्रही असेच. तो पूर्वाश्रमीचा मोरावियन धर्मोपदेशक. जॉन्सटाऊनच्या महापुरात बायकामुले गेली आणि त्याची स्मृतीच हरपली. हा पूर काल्पनिक नाही. ३१ मे १८८९ रोजी पेनसिल्व्हेनियात धरण फुटून २,२०० हून अधिक माणसे मेली. ते धरण पिट्सबर्गच्या धनाढ्यांच्या एका क्लबाच्या मालकीचे होते. वर अडवलेल्या तलावात हे लोक हौसेने मासे धरीत. मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या बसवल्या होत्या! त्या क्लबाच्या सभासदांत कार्नेगींसारखे उद्योगपती होते. कोट्यधीशाच्या मुलाशेजारी किपलिंगने या माणसाला एकाच जहाजावर बसवले, हे विसरता येत नाही.

मुलगा जिवंत असल्याची तार मिळताच हार्वीचे वडील खास रेल्वेगाडीने सारा देश ओलांडून येतात. हे प्रकरण मला थोडे दिमाखदार वाटते, पण त्यालाही इतिहास आहे. एका परिचित रेल्वे अधिकाऱ्याकडून किपलिंगने प्रवासाचे संपूर्ण वेळापत्रक मागवले होते, आणि पुस्तक वाचून एका खऱ्या रेल्वेमालकाने त्याच मार्गावर आपली गाडी सोडून तो वेग मोडला, असे तो सांगतो. पुढे हार्वी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकतो. हे विद्यापीठ स्थापन केले तेही एका रेल्वेसम्राटाने. लेलंड स्टॅनफर्ड यांचा एकुलता एक मुलगा १८८४ मध्ये फ्लॉरेन्स येथे विषमज्वराने वारला. त्याचे वय होते पंधरा. त्याच्याच नावाने ही संस्था उभी राहिली.

कादंबरी हार्वीला सुधारते, समाजाला मात्र जागच्या जागी ठेवते. हार्वी पुढे वडिलांच्या जहाजांचा धनी होणार, आणि डेकवर त्याच्या बरोबरीने राबलेला कप्तानाचा मुलगा डॅन त्याच्याच जहाजावर नोकरी करतो. मालक व चाकर यांचे हे नाते स्वयंपाक्याने आधीच भविष्य म्हणून सांगून ठेवलेले असते. किपलिंगला त्यात काही खटकत नाही. आपल्याला खटकावे.

अपवाद मॅन्युएलचा. जीव वाचविल्याबद्दल तो पैसे घेत नाही. खाण्यापुरते आणि ओढण्यापुरते सहज मिळत असताना पैसे कसे घ्यावेत, हा त्याचा प्रश्न. तो हार्वीच्या आईला एका पोर्तुगीज धर्मगुरूंकडे नेतो आणि त्यांच्याजवळच्या गरजू विधवांची लांबलचक यादी पुढे येते. ती बाई युनिटेरियन पंथाची. तिला कॅथलिक श्रद्धा पटत नाही, पण त्या बोलक्या धर्मगुरूंविषयी आदर वाटू लागतो. मदत तिची, तिच्यामुळे मिळालेले आशीर्वाद मॅन्युएल खुशाल स्वतःच्या खात्यावर जमा करतो. किपलिंगची थट्टा येथे प्रेमळ आहे. लहानपणी मुंबईत त्याची 'पोर्तुगीज' कॅथलिक आया त्याला शेजारी घेऊन रस्त्याकडेच्या क्रुसाजवळ प्रार्थना करी, अशी आठवण त्याने लिहिली आहे. त्या काळी मुंबईचे इंग्रज आपल्याकडच्या ख्रिस्ती माणसालाही पोर्तुगीजच म्हणत. ग्लॉस्टरच्या पोर्तुगीजांनी १८९३ मध्ये बांधलेले सुखरूप प्रवासाच्या मातेचे चर्च पुढे आगीत जळाले आणि १९१५ मध्ये पुन्हा उभे राहिले; तेथील मरियेच्या हातावर एक स्कूनर आहे. १९३७ च्या चित्रपटात मॅन्युएल मरतो आणि त्या भूमिकेसाठी स्पेन्सर ट्रेसी यांना ऑस्कर मिळाले. पुस्तकात तो जिवंत राहतो.

हे पुस्तक बाहेर पडले त्याच वर्षी, ऑगस्ट १८९७ मध्ये, किपलिंगला मुलगा झाला. दोन वर्षांनी त्याची सहा वर्षांची मुलगी जोसेफीन न्यूयॉर्कमध्ये वारली. कॉनलंड यांनीच तिच्या जन्माच्या वेळी आईची सुश्रूषा केली होती. मुलगा जॉन सप्टेंबर १९१५ मध्ये लूसच्या लढाईत अठराव्या वर्षी पडला. त्याचे शव बापाच्या हयातीत ओळखले गेले नाही. किपलिंग १९१७ पासून युद्धकबरींच्या आयोगावर काम करीत राहिला, आणि लूसच्या स्मारकावर, कबर नसलेल्या हजारो सैनिकांच्या नावांत, जॉनचे नाव कोरले गेले.