श्रीरामपुरची पदवीदानाची सनद

राज्य पालटलें म्हणजे जुन्या सनदेची किंमत काय, हा प्रश्न आपल्या संग्राहकांस नवा नाहीं. १८५२ च्या कायद्यानंतर इनाम कमिशनपुढें इनामदार घराण्यांनीं मांडलेले कागद अनेकांनीं हाताळले असतील. बंगालमधील एका सनदेची हकीकत त्याच दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. ती जमिनीची नव्हे. तिच्या बळावर ख्रिस्ती धर्मशास्त्राची पदवी दिली जाते.

हुगळीकांठचें श्रीरामपुर १७५५ पासून डेन्मार्ककरांकडे होतें. कंपनीच्या मुलखांत मिशनरी लोकांस मज्जाव, म्हणून केरी, मार्शमन व वॉर्ड यांनीं १८०० मध्यें येथें ठाणें केलें. पैकीं केरींचें मराठी व्याकरण (१८०५) व मोडी ठशांचा कोश (१८१०) आपल्या परिचयाचे आहेतच.

१८१८ मध्यें या त्रिवर्गानें कॉलेज काढलें, तेव्हां विद्यार्थी अवघे ३७. एतद्देशीय ख्रिस्ती तरुण उपदेशक म्हणून तयार करावे हा मुख्य हेतु. परंतु इतरांसही द्वार मोकळें होतें. विशेष हा कीं, भावी उपदेशकांस संस्कृत पढविण्याचा संकल्प होता. ज्यांच्यापुढें बोलावयाचें त्यांचीं शास्त्रें मुळांतून वाचलेलीं असावीं, असा केरीप्रभृतींचा कटाक्ष. हेतु खंडनाचा होता हें लपविण्याचें कारण नाहीं. तथापि पूर्वपक्ष मूळ ग्रंथांतून समजून घेण्याची ही शिस्त आपल्या शास्त्रीमंडळीसही मान्य झाली असती.

२३ फेब्रुवारी १८२७ रोजीं डेन्मार्कचा राजा सहावा फ्रेडरिक यानें कॉलेजास सनद देऊन पदवीदानाचा अधिकार दिला. मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील विद्यापीठें त्यानंतर ३० वर्षांनीं निघालीं. परंतु सनद हातीं आली आणि पेटींतच राहिली! वॉर्ड १८२३ मध्येंच वारले होते. केरी १८३४ त व मार्शमन १८३७ त गेले. मध्यंतरीं कलकत्त्याच्या पेढ्या बुडून द्रव्यबळही खचलें.

१८४५ मध्यें डेन्मार्कनें आपलीं हिंदुस्थानांतील ठाणीं साडेबारा लक्ष रुपयांस कंपनीस विकलीं. या तहांत एक कलम असें आहे कीं, कॉलेजास १८२७ च्या सनदेनें मिळालेले हक्क अबाधित राहावे; ते इंग्रज सरकारच्याच सनदेनें मिळाले आहेत असें समजावें, मात्र हिंदुस्थानच्या सर्वसाधारण कायद्यास अधीन राहून. प्रस्तुत लेखकाच्या मतें या सर्व प्रकरणाचें मर्म या एका कलमांत आहे. तें नसतें तर सनद केवळ पुराणवस्तु म्हणून उरती. ज्या अधिकाराचा तोंवर एकदांही उपयोग झाला नव्हता, तो जपण्याची दक्षता तहाच्या मसुद्यांत घेतली गेली, हें लक्षांत घेण्याजोगें आहे.

पुढें प्रिन्सिपल हॉवेल्स यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं हा अधिकार जागा केला. १९१० मध्यें उच्च धर्मशास्त्राचें अध्यापन पुन्हां सुरू झालें आणि १९१५ मध्यें, म्हणजे सनदेनंतर ८८ वर्षांनीं, पहिल्या बी. डी. पदव्या दिल्या गेल्या. १९१८ च्या बंगालच्या कायद्यानें कॉलेजाची घटना विस्तारली व निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांस सिनेटमध्यें स्थान मिळालें. इतर ठिकाणच्या धर्मशाळा या सिनेटशीं संलग्न होत गेल्या. यवतमाळास १९५३ मध्यें निघून १९८३ मध्यें पुण्यास आलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी त्यांपैकींच एक. तेथील विद्यार्थ्याच्या बी. डी. चें मूळ कोपनहेगनच्या त्या सनदेपर्यंत पोंचतें.