बिनबियांची केळ

सत्यनारायणाला केळीचे खांब लागतात, आजाऱ्याला केळं लागतं. एवढं घरचं झाड, पण त्याचं बी कुणी पाहिलंय का? आमच्या रावेर-यावलकडे कपाशीचं बी दुकानात मिळतं, केळीचं मिळत नाही. जुन्या खोडाच्या बुडाशी पिलं फुटतात, त्यांचे कंद खणून दुसऱ्या शेतात लावायचे, हीच वाडवडिलांपासूनची रीत. म्हणजे बागेत झाडं हजारो दिसली तरी खरं तर ते एकच झाड, तुकड्या-तुकड्यानं पुढं चाललेलं.

पूर्वी केळीला बी होतं. पावसाळ्यात सह्याद्रीच्या कड्यांवर रानकेळ दिसते. तिचं फळ फोडलं की आत टणक काळ्या बियाच बिया, गर नावालाच. ही आपल्या केळीची लांबची बहीण. बागेतल्या केळीचे खरे पूर्वज आग्नेय आशिया आणि न्यू गिनीकडचे, तेही असेच बियाळ. न्यू गिनीच्या डोंगराळ भागात कूक नावाची दलदल आहे. तिथं साडेसहा-सात हजार वर्षांपूर्वी माणसं केळी लावत होती, याच्या खुणा मातीत सापडल्यात. कमी बियांचं झाड दिसलं की त्याचाच कंद लावायचा, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं असणार. माणसांबरोबर कंदही हिंडले, निरनिराळ्या जाती शेजारी आल्या, संकर झाले. त्यातून गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असलेली झाडं निपजली. त्यांना बी धरेना. खाणाऱ्याला तर हेच हवं होतं!

गुण म्हणाल तर 100 ग्रॅम गरात सुमारे 90 कॅलरी, 350 मिलिग्रॅमच्या वर पोटॅशियम, शिवाय ब-6 जीवनसत्त्व. कच्च्या केळ्यातलं पिष्ट पिकताना साखर होतं, म्हणून दमल्या माणसाला लगेच तरतरी येते. प्रथिनं मात्र जेमतेम 1 ग्रॅम. शिकरणात दूध घालतात ते उगीच नव्हे.

पण बी नसण्याची किंमत झाडानं मोजली. सगळी झाडं एकसारखी, म्हणून एकाला लागलेला रोग सगळ्यांना लागतो. मध्य अमेरिकेत ग्रो मिशेल नावाच्या जातीच्या अफाट बागा होत्या. जमिनीतल्या बुरशीनं, म्हणजे पनामा मर रोगानं त्या उठवल्या, आणि 1960 च्या सुमारास व्यापारात तिची जागा कॅव्हेंडिश गटानं घेतली. आमची जुनी बसराई त्याच गटातली, आताची ग्रँड नाइनही त्यातलीच. आणि आता याच गटाला मारणारा बुरशीचा नवा प्रकार निघालाय. तो बिहारपर्यंत आलेला आहे. एकदा मातीत शिरला की वर्षानुवर्षं हटत नाही, औषधाला दाद देत नाही. टिश्यू कल्चरचं रोप निरोगी येतं खरं, पण रोगी मातीत तेही जातं.

ही बुरशी कंदाबरोबर जाते, पाटाच्या पाण्याबरोबर जाते, चाकाला लागलेल्या चिखलातूनही जाते. म्हणून बाहेरून आलेला ट्रक बांधावरच थांबवा, घड डोक्यावरून तिथवर न्या, असं मी भावकीत सांगत असतो. काही जण ऐकतात. बाकीचे म्हणतात, "तेवढी मजुरी कोण देईल?"