आंतड्यांतील गांठी आणि प्रयोगशाळेंतील उंदीर

मनुष्याच्या मोठ्या आंतड्याच्या अस्तरांत असंख्य सूक्ष्म खळगे असतात. त्यांच्या तळाशीं नव्या पेशी जन्मतात, हळूहळू वर सरकतात आणि चार-पांच दिवसांत गळून पडतात. जन्म आणि क्षय यांचा हा मेळ बिघडला, म्हणजे जादा पेशींची गांठ बनते. आणि अशा कांहीं गांठींतूनच पुढें कर्करोग उद्भवतो. कांहीं घराण्यांत हा बिघाड वंशपरंपरेनें येतो. तेथील मुलांच्या आंतड्यांत कुमारवयांतच गांठी दिसूं लागतात, त्यांची संख्या शेंकड्यांवर जाते, आणि वेळींच शस्त्रक्रिया न झाल्यास चाळिशीच्या सुमारास कर्करोग जवळजवळ अटळ होतो.

हा क्रम जिवंत माणसांत पायरीपायरीनें पाहणें अशक्य. म्हणून संशोधक उंदरांकडे वळले. १९८७ सालीं कॅनडांतील रंजना बर्ड यांनीं कर्करोगकारक रसायन दिलेल्या उंदरांचें मोठें आंतडें मेथिलिन ब्लू या निळ्या रंगानें रंगवून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलें. नेहमींच्या खळग्यांमध्यें कांहीं मोठे व गडद खळगे उठून दिसले. गांठ डोळ्यांना दिसण्यापूर्वींची खूण अशी हातीं आली.

१९९० सालीं अमेरिकेंतील विस्कॉन्सिन विद्यापीठांतून एमी मोझर, हेन्री पिटॉट व विल्यम डव्ह यांनीं एक नवा शोध जाहीर केला. रसायनानें आनुवंशिक बदल घडविलेल्या उंदरांच्या एका कुळांत रक्तक्षय दिसून आला होता. त्याचें मूळ आंतड्यांतील असंख्य गांठींत होतें. या उंदरांना ‘मिन’ हें नांव मिळालें. १९९१ सालीं रोगग्रस्त घराण्यांतील ‘एपीसी’ हें सदोष जनुक सांपडलें, आणि पुढच्याच वर्षीं मिन उंदरांचा दोषहि त्याच जनुकांत असल्याचें सिद्ध झालें.

आतां औषधाची आशा बळावली. सुलिंडॅक या सांधेदुखीवरील औषधानें रोग्यांच्या गांठी कमी व लहान होतात, असें १९९३ सालीं दिसलें होतें. पूर्णपणें मात्र त्या गेल्या नव्हत्या. १९९६ सालीं तेंच औषध मिन उंदरांस लहानपणापासून देतां गांठी जवळजवळ उद्भवल्याच नाहींत. मग मुलांसहि तें आधींच कां देऊं नये? जनुक सदोष, पण गांठी अद्याप न आलेल्या ४१ मुलां-तरुणांवर चार वर्षें प्रयोग झाला. २००२ सालीं निकाल आला: गांठी टळल्या नाहींत.

रोगाचें मूळ एक, तरी उंदीर म्हणजे मनुष्य नव्हे. मिन उंदराच्या गांठी बहुतेक लहान आंतड्यांत होतात, माणसाच्या मुख्यतः मोठ्या आंतड्यांत. मात्र या शोधांचें एक फळ निश्चित आहे. बाधित आई किंवा बाप यांच्या प्रत्येक मुलास दोष मिळण्याचा संभव निम्मा असतो. घराण्यांतील दोष नक्की ठाऊक असल्यास, तो कोणाकडे आला हें आतां रक्ततपासणीनें कळतें. ज्याच्याकडे तो आलेला नाहीं, तें मूल वारंवारच्या तपासणींतून सुटतें. ज्याच्याकडे आला आहे, त्याची वेळींच काळजी घेतां येते.